मतपेटी आणि एकटा कैदी

आणीबाणीत 'मिसा' या स्थानबद्धता कायद्याखाली पकडलेल्यांनी देशभर बंदी प्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे बेकायदा कैदेतून सुटकेचे, अर्ज केले, तेव्हा सरकार म्हणत होते की हक्क स्थगित आहेत, न्यायालयांनी यात पडू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते ऐकले नाही. अर्ज चालवता येतात, असे त्याने ठरवले. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, राजस्थान ही उच्च न्यायालयेही त्याच बाजूची होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हे सारे निकाल फिरवले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले.

ही हकिकत आपण खन्नांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकार घालवले. नव्या संसदेने १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीत तरतूद केली, की आणीबाणीतही कलम २१ची, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, दाद बंद करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निकाल रीतसर रद्द ठरवला तो थेट २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. न्यायालयाने घालवलेला हक्क मतपेटीने जवळपास चार दशके आधी परत आणला होता.

मतपेटी नसली तर काय होते, ते पाकिस्तानात दिसले. तिथे ऑक्टोबर १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलने संविधान सभाच बरखास्त केली. सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान कराचीत सिंधच्या मुख्य न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढच्याच वर्षी फेडरल कोर्टाने तो निकाल उलटवला. तिथेही खालचे न्यायालय ताठ राहिले आणि वरचे वाकले. पण तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० साल उजाडले. तोवर चूक सुधारायला मतदारच नव्हता.

म्हणून न्यायालये लोकशाही राखतील, असे म्हणून निर्धास्त राहणे मला धोक्याचे वाटते. न्यायालयाचा हुकूम सरकार पाळते, कारण तो मोडला तर लोकांपुढे जाब द्यावा लागेल याची धास्ती असते. ती धास्ती गेली की निकालपत्राचा नुसता कागद उरतो.

मात्र निवडणुकीने सगळ्यांचा हक्क परत येतो, एकट्या, नावडत्या कैद्याचा येत नाही. त्याच्यासाठी कुणी मत देत नसते. त्याला न्यायालयच हवे, आणि तेही वेळेत.

असेच एक कैदी होते प्रा. जी. एन. साईबाबा. ते नव्वद टक्के अपंग होते, चाकाच्या खुर्चीवर असत. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिल्यावर ते नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना मुक्त केले. यूएपीए या बेकायदा कारवायांविरोधी कायद्याखाली खटला चालवायला लागणारी मंजुरी कायद्याप्रमाणे घेतलेली नव्हती, हे कारण. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सरकारच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालय सुटीच्या दिवशी खास बसले आणि सुटका थांबली. एप्रिल २०२३ मध्ये त्याने उच्च न्यायालयाला फेरसुनावणीचा आदेश दिला, शक्यतो चार महिन्यांत निकाल द्या म्हणून. निकाल आला ५ मार्च २०२४ ला, निर्दोष म्हणून. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी साईबाबा वारले.

त्यांची मते कुणाला पटोत न पटोत, प्रश्न तो नाही. सरकारच्या अर्जासाठी एका दिवसात उघडणारे दार कैद्यासाठी जवळपास १७ महिने बंद का राहते, हा आहे. वरच्या न्यायालयाने सुटका थांबवायची असेल, तर त्याच आदेशात अंतिम निकालाची बंधनकारक तारीख हवी, आणि ती टळली तर कैदी आपोआप बाहेर यायला हवा. संसदेला हा कायदा करता येईल. आपला खासदार मते मागायला दारात येईल, तेव्हा त्याला हे विचारा.