दहांतील एक आणि उचलीचा हिशेब



लूककृत शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांचा वृत्तांत आहे. दहाही शुद्ध झाले. परंतु उपकार मानावयास एकटाच माघारी फिरला, आणि तोही शोमरोनी. उरलेले नऊ जण दुष्ट होते असे शास्त्र म्हणत नाही. आम्हांस वाटते, ते घाईत होते इतकेच. कित्येक दिवसांनी घर दिसणार, मग पाय थांबतील कसे?

हे थांबणे केज तालुक्यातील आमच्या लोकांस फार अवघड जाते, व त्याचे कारण आम्ही जाणून आहो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल हाती येते. नवराबायको मिळून एक कोयता; त्या कोयत्यावर साऱ्या हंगामाचे श्रम आधीच विकले जातात. जुने देणे, लग्नकार्य, नवा मोबाईल, यांत ती रक्कम चार दिवसांत विरते. मग पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील फडात कडाक्याच्या थंडीत मोळ्या बांधावयाच्या, त्या संपून गेलेल्या पैशासाठी! अंग मोडले म्हणून एक दिवस पडून राहिले तर खाडा धरला जातो. आणि न फिटलेली उचल पुढील सालावर चढते.

अशा माणसास आम्ही कृतज्ञतेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? पुष्कळ वर्षे आम्ही तो टाळला. परंतु हळूहळू ध्यानात आले की, आमचे लोक कृतघ्न नाहीत. त्यांची कृतज्ञता भलत्याच दाराशी जाऊन बसली आहे. मुकादमाने अडीअडचणीस पैसा दिला, त्याचे उपकार कसे विसरावे, असे म्हणून कित्येक जण त्याची वहीदेखील पाहावयास मागत नाहीत. हा मिंधेपणा होय. उचल म्हणजे दान नव्हे. ती आपल्याच घामाची आगाऊ किंमत आहे. ज्याने खऱ्या दात्याचे उपकार ओळखले, तो सावकारापुढे मान ताठ ठेवून हिशेब मागू शकतो.

अमेरिकेतील एमन्स व मॅकलफ या दोन विद्वानांनी 2003 साली असा प्रयोग प्रसिद्ध केला की, काही लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, उपकार मानण्याजोग्या पाचपर्यंत गोष्टी लिहाव्या. गाऱ्हाणी लिहिणाऱ्यांपेक्षा हे लोक आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी आढळले. पुढे 2014 साली डेस्टेनो व त्यांच्या सहकाऱ्यांस दिसले की, ज्यांनी उपकाराचा प्रसंग आठवला ते आजच्या थोड्या पैशापेक्षा उद्याच्या अधिक पैशासाठी थांबावयास अधिक राजी होते. नुसत्या आनंदी लोकांत हा धीर दिसला नाही. आमच्या लग्नघरांतील आनंद पाहता हे आम्हांस खरे वाटते! (आमच्याही घरी एका लग्नात कर्ज काढून मांडव घातला होता. शेजाऱ्याचा मांडव मोठा होता, एवढेच निमित्त.)

विसरणे तर आपल्या हाडीमाशी खिळले आहे. 2016 साली आपल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या वेळी घागरभर पाण्यासाठी देवाचे आभार मानणारे आपण, नळ वाहू लागताच तो उघडा टाकून निघून गेलो.

म्हणून एक साधी वही करावी. एका पानावर आठवड्यात काय मिळाले ते लिहावे. मजुरी, पाऊस, शेजारणीने दिलेली भाकर, बरा झालेला ताप. समोरच्या पानावर काय खर्चिले ते. उचल घेण्याआधी ही दोन्ही पाने चुलीपाशी बसून वाचावी, म्हणजे किती घ्यावयाची ते ठरविणे सोपे जाते.

आणि बंधूंनो, ऊस तोडावयास दोघे असता उचलीचा आकडा बहुधा एकट्यालाच ठाऊक असतो. जी बाई अंधार असता उठून स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या वाहते आणि रात्री लेकरू निजविते, तिच्याविषयी देवाचे उपकार मानावयाचे आणि तिच्यापासूनच तो आकडा लपवावयाचा, ही कोणती उपकारस्तुती?

टोळ्या निघण्यापूर्वीच्या रविवारी उपासनेस येताना वही आणावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्या मुलांकडून आम्ही ती लिहवून घेऊ. मात्र यंदाचा आकडा घरी सांगूनच यावे.