गोणीला व्हिसा लागत नाही

२०१५च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात आर्सेनाले या जुन्या गोदीतल्या लांबलचक बोळाच्या दोन्ही भिंती गोणपाटानं झाकल्या होत्या. विरलेलं, ठिगळं लावलेलं, कोळशानं काळवंडलेलं तरट. जगभरचे रसिक त्या दोन भिंतींमधून चालत होते. हे काम घानाच्या इब्राहिम महामाचं. तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. कामाचं नाव ‘आउट ऑफ बाउंड्स’, म्हणजे हद्दीबाहेर.

त्या गोणीची कुंडली मांडून पाहावी. जगातला बहुतेक ताग बंगालच्या मातीत पिकतो. आशियात विणलेली पोती घानाला जातात आणि तिथं त्यांत कोको भरतात. कोको परदेशी जातो, त्याचं चॉकलेट होतं. जुन्या झालेल्या पोत्यांत मग तांदूळ, मका आणि शेवटी कोळसा. हात बदलेल तशी पोत्यावर नावं आणि खुणा वाढत जातात. महामा नवी पोती देऊन ही जुनी पोती घेतो. ती शिवायला बसणाऱ्यांत पोटासाठी गाव सोडून शहरात आलेली माणसं असतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातावर नातलगांची किंवा गावाची नावं गोंदलेली असतात. आपल्या आज्यांच्या हातावरचं गोंदण मेल्यावरही सोबत येणारा दागिना होतं. या शिवणाऱ्यांचं कारण अधिक रोकडं आहे. परक्या शहरात काही बरंवाईट झालं, तर देह कुणाचा हे तरी कळावं. पोत्यावरचं नाव आणि हातावरचं नाव एकच काम करतात.

आफ्रिकेतल्या आजच्या कलावंतांनी स्थलांतराकडे पाहण्याची जी रीत शोधली, ती मला इथं सापडते. ते माणसाच्या आधी मालाचा माग काढतात. मालाला वाट मोकळी असते, तो वाहणाऱ्याला मात्र वेशीवर अडवतात.

बेनिनच्या रोमुआल्ड हाझूमेनं पेट्रोलचे कॅन निवडले. नायजेरियातून चोरटं पेट्रोल आणणारे मोटारसायकलवर ते लादतात. जास्त मावावं म्हणून कॅन आगीवर फुगवतात आणि फुटेपर्यंत राबवतात. हाझूमेनं त्यांचे मुखवटे केले. कॅनचं तोंड ते मुखवट्याचं तोंड, मूठ ते नाक. असे ३०४ मुखवटे त्यानं ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाच्या प्रसिद्ध आराखड्याप्रमाणे दाटीवाटीनं मांडले. ब्रिटनच्या गुलामव्यापारबंदीच्या कायद्याला २०० वर्षं झाली, त्या २००७ साली ब्रिटिश म्युझियमनं हे काम विकत घेतलं. क्षमतेबाहेर भरायचं आणि फुटलं की टाकून द्यायचं, हा हिशेब जहाजाचाही होता आणि कॅनचाही आहे.

लंडनमध्ये जन्मलेला आणि लेगॉसमध्ये वाढलेला यिन्का शोनिबारे कापडाचा माग काढतो. व्हिक्टोरियन घाटाचे पोशाख तो भडक नक्षीच्या कापडातून शिवतो. पाहणारा म्हणतो, हे अस्सल आफ्रिकी. पण मुळात ही जावाची बाटिक. एकोणिसाव्या शतकात डच गिरण्यांनी तिची यंत्रावर नक्कल केली आणि त्या मालाला गिऱ्हाईक मिळालं पश्चिम आफ्रिकेत. तिथल्या बायकांनी नक्षींना आपली नावं दिली, त्यांना म्हणी जोडल्या, लग्नामर्तिकाला तेच कापड नेसलं. तेव्हा ते त्यांचं झालं. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्यानं खडकी वसवली. त्याच्याविना दख्खनचा इतिहास सांगता येत नाही. ओळख जन्मदाखल्यावर जेवढी असते, तेवढीच वापरातही घडते.

आर्सेनालेतच २०१९ साली आणखी एक वस्तू आली. एप्रिल २०१५मध्ये भूमध्य समुद्रात बुडालेली बोट. तिच्यातली सातशेहून अधिक माणसं गेली होती. क्रिस्टोफ ब्यूखेल या स्विस कलावंतानं ती तशीच्या तशी धक्क्यावर उभी केली, शेजारी माहितीची पाटीही न लावता. लोक तिच्यासमोर फोटो काढू लागले. बोट खरी होती, मरणंही खरी होती, पण त्या गंजलेल्या पत्र्यावर कुणाचं नाव नव्हतं. महामाच्या तरटावर नावं होती. शोक आणि देखावा यांच्यातलं अंतर मला तेवढंच दिसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ही पोतीसुद्धा शेवटी कोकोच्याच वाटेनं युरोपच्या दालनांत जाऊन पोचली. तिथं त्यांना भाव आला, शिवणाऱ्यांना व्हिसा मिळाला नाही. खरं आहे. कलेनं सीमा उघडत नाहीत. पण महामानं कमाईची वाट उलटी वळवली. उत्तर घानातल्या आपल्या टामाले गावी त्यानं २०१९मध्ये कलाकेंद्र काढलं, पाठोपाठ ‘रेड क्ले’ हा मोठा स्टुडिओ उभारला. त्याच्या आवारात त्यानं मोडीत निघालेली विमानं आणून ठेवली आहेत आणि त्यांत मुलांचे वर्ग भरतात.

उद्या यांतली काही मुलं खरोखरीच्या विमानाचं तिकीट काढायला निघतील, तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस त्यांना कागद मागेल. आज मात्र त्यांना आत बसायला कुणी अडवत नाही.