खाडा

एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात एक मुलगी शिकाऊ मानसशास्त्रज्ञ होती. दर शुक्रवारी ती आपल्या केसेस मॅडमपुढे मांडायची. मॅडम अनुभवी होत्या, मायाळूही होत्या. लॉगबुकवर त्यांची सही झाली की तास भरायचे, आणि तास भरले की परीक्षेला बसता यायचं.

मुलीकडे एक बाई यायची. झोप उडालेली, छातीत धडधड, अन्नावरची वासना गेलेली. हळूहळू ती बोलती झाली, आणि दसरा झाला तशी यायची बंद झाली.

"पेशंट टाळतेय," मॅडम म्हणाल्या. "लिही, उपचाराबाबत अनिच्छा."

मुलीने लिहिलं.

बाई ऊसतोडीला गेली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक खाडा पडला तरी पैसे कापणार. मुलीला हे पक्कं ठाऊक होतं. तिचे आईबापही उचल घ्यायचे, आणि ती हंगामी वसतिगृहात राहून शिकली होती. विभागात तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बोलण्यातला गावाकडचा हेलसुद्धा ती आवरून धरायची.

चैत्रात बाई परत आली. पदराची गाठ सोडून तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. वाचता येत नव्हतं, म्हणून कारखान्याकडच्या सरकारी दवाखान्यात पाकीट दाखवून तिने गोळ्या चालू ठेवल्या होत्या.

बाई गेल्यावर मॅडमनी विचारलं, "ती कुठे गेली होती, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"सही तुमची लागते, मॅडम."

मॅडमनी केसपेपर काढला, 'अनिच्छा'वर रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी आधी लॉगबुकवर सही केली. मग म्हणाल्या, "आमच्या घरात कधी कुणी उचल घेतली नाही. मला जे दिसत नाही ते तुला दिसतं. माझं चुकतंय वाटलं, तर तिथेच अडव."

मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही. बोलायला पावसाळा उजाडला. गुण अजून मॅडमच्याच हातात होते ना!

जात, वर्ग पाहून पेशंटशी भेदभाव करायला 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. पण पेशंटचं म्हणणं वरपर्यंत नेणारी मुलगीच धाकाने गप्प बसली, तर तो भेदभाव कागदावर येतच नाही.

त्या विभागात नवा केसपेपर भरताना आता आधी विचारतात, "दसऱ्यानंतर कुठे असता?"