एकांत कोणाच्या जिवावर?

आज गीता ६.१०. इथे एकांत सांगितलाय, पण अपेक्षा आणि संग्रह सोडून. मी तर अंबरनाथ एमआयडीसीतल्या ऑफिसात बसून व्हिएतनामची सोलो ट्रिप आखतोय, आणि ‘नवा होऊन परत येईन’ ही अपेक्षा बॅगेत सगळ्यात आधी भरलीये!

धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात गोव्यातलं घर सोडून एकटेच निघाले. नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. पुढे त्यांनी मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिलं, हे आपल्यावर ऋणच. पण मागे पत्नी होती, तान्ही मुलगी होती. ते मला खटकतं.

माझे फक्त दहा दिवस. तेवढ्यात बाबांना डायलिसिसला आई एकटीच नेणार. तिला अजून विचारलेलं नाही.