वाडा कुणासाठी उघडतो?

जुन्या वास्तूच्या जतनाची निविदा निघाली की हल्ली तिच्यात एक ओळ ठरलेली असते : लोकांच्या वापरासाठी. काम पुरं होऊन पडदे निघतात तेव्हा दगड घासूनपुसून लख्ख, जोत्याला रंगीत दिवे, सेल्फीसाठी चौथरा. आणि सभागृहाचं भाडं असं, की ते साड्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्यानं द्यावं, पेठेतल्या भजनी मंडळानं नुसतं ऐकावं. याला वास्तूचं पुनरुज्जीवन म्हणतात. मला तो गाळेवाटपाचाच प्रकार वाटतो.

लोकांसाठी जतन या विचाराची पाश्चात्त्य वंशावळ आता सगळ्यांना पाठ आहे. इंग्रज कलासमीक्षक रस्किननं १८४९ मध्ये जीर्णोद्धाराला खोटेपणा ठरवलं, कवी-कारागीर मॉरिसनं १८७७ मध्ये त्या भूमिकेची संस्था केली, व्हाइसरॉय कर्झनचा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा १९०४ चा. जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनं सांगितलं, की समाजोपयोगी वापर जतनाला पोषकच असतो. मात्र त्यापायी इमारतीची मांडणी किंवा सजावट बदलता कामा नये. आपले सल्लागार पहिला भाग सादरीकरणात घालतात आणि दुसरा गाळतात. ते एक असो. पण या वंशावळीमुळे असा समज झाला, की जुन्या वास्तूला नवं काम देणं आपण बाहेरून शिकलो. पुण्यात ते रस्किनच्या आधीच घडलं होतं, आणि ते आपण चुकीचं वाचतो.

पेशवाई बुडाली, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. राजाचा वाडा प्रजेचा झाला, असं हे कौतुकानं सांगितलं जातं. झाला का? पैसा पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेच्याच निधीतला, विद्यार्थी ब्राह्मण, शास्त्रंही तीच. नव्या सरकारला जुन्या प्रतिष्ठितांना दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांची सोय चालू ठेवली गेली. धनी बदलला, उंबरठा ओलांडणारी माणसं बदलली नाहीत.

माझ्या मते खरा पालट १८७९ नंतरचा. त्या वर्षी मे महिन्यात लागलेल्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागेचाही मोठा भाग जळाला. तो पुन्हा उभा राहिला नगरपालिकेच्या पैशातून आणि पुणेकरांच्या वर्गणीतून. पुढं तिथं नगरपालिकेची कचेरी आली, टपालघर आलं, शासकीय ग्रंथालय आलं. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, आणि त्यांच्याखालून घरपट्टीची पावती हातात घेऊन जाणारा माणूस. जतनाच्या अहवालांना हा काळ वास्तूच्या आबाळीचा वाटतो, आणि लाकडापुरतं ते खरंही असेल. पण त्या वाड्यात जायला माणसाला काम पुरत होतं. ऐपत किंवा निमंत्रण लागत नव्हतं. सार्वजनिक वापर म्हणतात तो हा. तो १८२१ च्या खात्यावर मांडून आपण सरकारी औदार्याचा गौरव करतो आणि वर्गणी देणाऱ्यांना विसरतो.

आगीच्याच सुमारास जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली आणि पुढं तिला त्यांचंच नाव मिळालं. हा किस्सा आपण गमतीनं सांगतो. त्यांना इमारतींचा तिटकारा नव्हता (ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते!). त्यांचा प्रश्न क्रमाचा होता : तिजोरी सगळ्यांची, तर पहिला घास कुणाचा? गंमत एवढीच, की ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिथं आजही भाजीच विकली जाते, आणि आत जायला तिकीट नाही.

आजच्या जतनात खासगी पैसा आला की वाटोळंच होतं, असंही नाही. मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, वारसाजतन करणारी इंटॅक ही संस्था आणि बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून दुरुस्त केलं, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि ते संग्रहालयच राहिलं. तेव्हा अडचण पैशाची नाही, कराराची आहे. स्थानिक मंडळांना सभागृह वर्षातले किती दिवस फुकट, वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं, भाडं ठरवणाऱ्या समितीत पेठेतली माणसं किती, हे करारात आकड्यांनी लिहिता येतं. महापालिकेच्या एका ठरावाचं काम आहे; त्यासाठी व्हेनिसपर्यंत जायला नको.