भागणे आणि भागवणे

वाचकहो, प्रपंच कोणाला चुकला आहे? पण "कसं काय चाललंय?" म्हणून विचारावे, तर माडीवाला आणि झोपडीवाला दोघेही एकच उत्तर देतात, "भागत नाही!" शब्द एक, पण त्यातली तूट एक असते काय?

आषाढीला ज्यांना पंढरी घडत नाही, असे आमच्याकडचे पुष्कळ लोक जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या दर्शनास येतात. मागल्या एकादशीस मी तेथे टेकलो होतो. शेजारी सळईच्या कारखान्याचे एक मालक येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, विजेचं बिल, भंगाराचे भाव, बँकेचे हप्ते, खरं सांगतो, आमचं भागत नाही." ते खोटे बोलत नव्हते. हप्ता थकला तर झोप उडतेच, आणि कारखाना थांबला तर मजुरांच्या चुलीही थांबतात. पण त्यांच्या ताटातली भाकरी काही कमी होणार नव्हती.

आमच्याकडे भांड्याला येणारी बाई त्याच रांगेत होती. तिलाही मी विचारले. ती म्हणाली, "भागतंय कुठं गुरुजी, भागवावं लागतं!"

रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. 2023 पासून ते फुकट आहे. दिवसाला 166 ग्रॅम झाले, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून दोन-तीन भाकरी. तेल, मीठ, डाळ, औषध, पोराची वही हे सारे भागवायचे राहतेच. पावसाने कामाचा खाडा झाला, की पहिल्यांदा आईचे ताट आटते. ती कुरकुरत नाही म्हणून "किती समाधानी बाई!" असे आपण म्हणतो. मी स्वतः प्रवचनात तसे सांगितले आहे. आता वाटते, ते समाधान नसेल, थकवा असेल. ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही आहे त्याने सोडले तर ते समाधान. भुकेल्याला ते शिकवणे सोपे असते, कारण त्यात सांगणाऱ्याचे काही जात नाही.

तुकोबांचे चरित्र आठवा. 1630-32 च्या दुष्काळाने त्यांचे घर पोळले होते. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे चरित्रकार सांगतात. ती लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती! ऋणकोंना समाधानाचा उपदेश करून त्यांनी वसुली चालू ठेवली नाही. हे आपण भक्तीने ऐकतो आणि घरी येऊन उधारीची वही काढतो.

आता माझेच सांगतो. दिवाळीत त्या बाईने महिना दोनशे रुपये वाढवून मागितले होते. मी म्हणालो, "यंदा आमचंच भागत नाही गं." एकादशीच्या रात्री वही घेऊन बसलो. पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढलेला होता, मुदतठेव नवी केलेली होती, बद्रीनाथाच्या यात्रेचे पैसे भरलेले होते. नव्हते ते दोनशे रुपयेच!

द्वादशीस ती आली तेव्हा, तीनशे वाढवले म्हणून सांगितले. मनात थोडी फुशारकी होतीच. राखेचा हात तसाच ठेवून तिने विचारले, "दिवाळीपासनं धरायचे का, गुरुजी?"

मी पुन्हा वही काढली.