त्याच झऱ्याला दुसरं भोक

सिन्नर तालुक्यातल्या एका मळ्यात घरची विहीर होती. नळ वस्तीपर्यंत आला नव्हता. पिणं, धुणं, गुरं, सगळी मदार तिच्यावरच. एका साली फाल्गुनातच तळ दिसायला लागला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, जोडीला एक बोअर घेतो. विहीर आटली तरी घर अडायचं नाही."

"कुठं घेतोस?"

"विहिरीच्या शेजारीच. तिथं पाणी आहे, हे ठाऊकच आहे."

"अरे, मग ते विहिरीचंच नव्हे का?"

बोअरला पाणी लागलं, पेढे वाटले गेले, आणि आईचा प्रश्न तसाच राहिला.

आई या घरात आली ती १९७२ च्या दुष्काळात. लांबून हंडे वाहिलेली बाई. कांद्याची पट्टी आली तशी ती हटूनच बसली: गच्चीचं पाणी धरायला टाकी बांधायची. इगतपुरीकडं ३,००० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस सिन्नरला येईस्तोवर पाच-सहाशेवर येतो. पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पडला, तरी नव्वदएक लिटर पाणी होतं. १०,००० लिटरची टाकी झाली. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडलं, मग गाळणीतून आत घेतलं. झाकण घट्ट, नळीच्या तोंडाला डासांची जाळी. वर हातपंप बसवला, कारण वीज गेली की मोटार नुसती बघत बसायची.

पुढचा पावसाळा ओढीचा गेला. चैत्रात बोअर गुळण्या टाकू लागला आणि त्याच आठवड्यात विहीरही कोरडी पडली. आपल्या काळ्या कातळात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. विहिरीला पाजणारी फटच बोअरनं खाली गाठली होती. खडकाळ मुलखात हा हिशेब भल्याभल्यांचा चुकतो, आणि त्यात हावरेपणापेक्षा घाबरेपणा जास्त असतो, असं मला वाटतं.

टँकर यायचा, पण त्याचा नेम नव्हता. ते पाणी गुरांना आणि भांड्यांना जाई. पिण्या-रांधण्याला दिवसाला चाळीस लिटर, तेही उकळून, आई टाकीतून मोजून काढी. पावसाळा सरल्यापासून तिनं हा नेम धरला होता. विहीर भरलेली असतानासुद्धा मोडला नव्हता. मृग लागला तेव्हा टाकीच्या तळाशी थोडं पाणी अजून होतं.

त्या पावसाळ्याआधी मुलानं बोअरभोवती शोषखड्डा घेतला. दगड, खडी, वाळू भरली आणि टाकी भरल्यावर वाहून जाणारं पाणी त्यात सोडलं. शेजारी बोअरची जागा विचारायला आला, तेव्हा हा त्याला त्याच्याच गच्चीवर घेऊन गेला आणि पन्हळ कुठं सोडली आहे ते वाकून पाहू लागला.